पट्टी विरुद्ध हात धरणारी

आमच्या मास्तरांनी आयुष्यभरात किती लोकांच्या तोंडात दात बसवले ते कोणी मोजलं नाही. त्यांच्या स्वतःच्या तोंडातून दिवसभरात किती शब्द बाहेर पडतात ते मात्र मी एकदा मोजलं होतं. सव्वीस. त्यातले नऊ नुसते 'हं' होते.

आमचं काम कवळ्या करण्याचं. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना, वर एका लांबट खोलीत आम्ही चौघं. खालून हिरड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, साचा तयार करायचा, साच्यावर गुलाबी मेणाची कड चढवायची, त्या मेणात एकेक दात लावायचा आणि मग मेणाच्या जागी पक्की कवळी ओतायची. दात लावायचं काम मास्तरांचं. समोरच्या सहा दातांना त्यांना तास लागायचा. एक दात किंचित वळलेला, एक केसभर मागे. "सरळ रांगेत लावले की खोटे दिसतात," हे एवढं एकच वाक्य त्यांनी आम्हाला शिकवताना सांगितलं, आणि त्याच्यावर आमची सगळ्यांची नोकरी चालली.

माझं टेबल त्यांच्या उजव्या हाताला. मी घासते आणि पॉलिश करते. माझ्या तोंडाचा पट्टा सकाळी साडेनऊला सुरू होतो आणि संध्याकाळी मशीनबरोबरच बंद होतो, असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. काही खोटं नाही त्यात. मी राहते भावाच्या घरी. वहिनी वाईट नाही, पण मी बोलायला लागले की तिला हमखास गॅसवरचं काहीतरी आठवतं. भाऊ टीव्हीचा आवाज वाढवतो. मग दिवसभराचं सगळं मी इथेच बोलून घेते, ऐकायला कोणी असो वा नसो. मास्तर मला 'चिमणे' म्हणायचे. "चिमणे, मेण." "चिमणे, खिडकी." झालं आमचं संभाषण. मला त्यांचा राग यायचा. माणसाने इतकं घुमं असू नये.

आणि हा घुमा माणूस रोज जेवणाच्या सुट्टीत एकटाच हसायचा. डबा उघडायचा, प्लास्टरच्या डब्याला फोन टेकवून ठेवायचा, आणि एक घास खाऊन चार मिनिटं टाइप करायचा. मध्येच डोळे मिचकावायचा, मध्येच मान हलवायचा. मला वाटलं, मास्तरांचं कुठेतरी जमलं. पंचेचाळिशी उलटलेल्या ब्रह्मचारी माणसाचं जमलं तर बातमीच होती ती. मी काहीतरी उचलायच्या निमित्ताने त्यांच्या मागून गेले आणि बिनदिक्कत वाचलं. प्रेमबीम काही नव्हतं. लिहिलं होतं: 'पट्टी झिरझिरीत असेल तर राणीच्या त्यागाला अर्थ काय राहिला?'

वर त्या जागेचं नाव होतं. ते मी पाठ केलं आणि घरी जाऊन शोधलं.

तो होता जुन्या महाकाव्यांच्या वेड्यांचा इंटरनेटवरचा अड्डा, एक मंडळच म्हणा. त्या कथांवर आजकाल नवं काय काय निघतं, कादंबऱ्या, मालिका, सिनेमे, लहान मुलांची चित्रं, त्या सगळ्यावर ही मंडळी आपापली मतं मांडत होती आणि एकमेकांची मतं खोडून काढत होती. त्यांचा चालक स्वतःला सूत्रधार म्हणवायचा आणि त्याचे नियम भलतेच कडक होते. कथेतल्या कोणाचंही नाव लिहायचं नाही, कारण नाव लिहिलं की कुठून कुठून भांडखोर लोक ते शोधत येतात आणि आया-बहिणींचा उद्धार सुरू होतो. म्हणून तिथे सगळे 'थोरला', 'रथाचं चाक रुतलेला', 'पाच मुलांची आई' असं लिहायचे, आणि सगळ्यांना सगळं कळायचं. दुसरं म्हणजे आत येतानाच एक पक्ष घ्यायचा. कथेतलं एक माणूस निवडायचं आणि पुढे जे काही नवं येईल ते त्याच माणसाच्या डोळ्यांनी पाहायचं. तेच तुमचं तिथलं नाव.

मास्तरांनी घेतला होता आंधळ्या राजाच्या राणीचा पक्ष. नवऱ्याला दिसत नाही म्हणून जिने लग्नाच्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली ती आयुष्यभर काढली नाही, ती राणी. त्यांचं नाव होतं 'पट्टी'.

तिसरा नियम मी तेव्हा फारसा मनावर घेतला नाही. दोघांचा वाद चालू असताना एकाने 'पटलं' असं लिहिलं की सूत्रधार त्या वादाला कुलूप लावणार. पुन्हा त्या दोघांनी त्या विषयावर एक अक्षर लिहायचं नाही. नाहीतर लोक जिंकल्यावरही एकमेकांना टोचत बसतात, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, छान आहे नियम. आपल्या घरातही असायला हवा.

मी गेले होते गंमत करायला. दोन दिवस मास्तरांची फिरकी घ्यायची, तिसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांसमोर सांगायचं आणि पोट धरून हसायचं, एवढाच बेत होता. विरुद्ध बाजूला कोणाला घ्यावं याचा विचार केला तेव्हा माझ्या मनात आलं, ही राणी पट्टी बांधून बसली खरी, पण तिला राजवाड्यात फिरवलं कोणी? पायरी आली, उंबरा आला, हे सांगायला कोणीतरी दासी असणारच. तिचं नावसुद्धा कोणाला माहीत नाही. मी नाव घेतलं 'हात धरणारी', आणि पहिलाच सवाल टाकला: 'राणीने डोळे मिटले म्हणून तिचं कौतुक. तिच्या वाटचं ज्या बाईला पाहावं लागलं, तिचं काय?'

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी ते वाचलं. मी घासणीचं चाक बंद करून कान टवकारून बसले होते. त्यांनी घास हातातच ठेवला आणि त्यांची भाजी गार झाली. मग त्यांनी मला उद्देशून बावीस ओळी लिहिल्या. सुरुवात होती, 'तुमचा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. तुमचे आभार.'

मला आजवर इतक्या लांबीचं कोणी काही लिहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं नाही. चौथ्या दिवशीही नाही. अशी अकरा वर्षं गेली.

या अकरा वर्षांत काय काय आलं आणि गेलं! एक जाडजूड कादंबरी आली, तीत राणीच स्वतःची कहाणी सांगते. पट्टीने दोनशे पानांपर्यंत तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग लिहिलं, 'लेखिकेने राणीला इतकं बोलायला लावलं आहे की तिने पट्टी डोळ्यांऐवजी तोंडावर बांधायला हवी होती.' मी घासता घासता इतकी हसले की एका म्हाताऱ्याच्या खालच्या कवळीचा कोपरा उडाला. बावन्न भागांची एक मालिका आली. तीत राणीची पट्टी दर भागात नव्या रंगाची, लुगड्याला शोभेल अशी. मी लिहिलं, 'बावन्न पट्ट्या शिवल्या कोणी? धुतल्या कोणी? रंग जुळवून कोणी दिले? राणीला तर दिसत नव्हतं.' त्यावर त्यांनी दोन दिवस उत्तरच दिलं नाही आणि मग कबूल केलं की हा मुद्दा मालिकेला लागू पडतो, राणीला नाही. मुलांसाठी एक चित्रपट निघाला, त्यात राणीला पट्टीतून भिंतीपलीकडचं दिसतं अशी जादू दाखवली होती. त्यावर मात्र आमचं दोघांचं एकमत झालं आणि आम्ही मिळून त्या चित्रपटाची अशी काही हजेरी घेतली की 'रुतलेलं चाक' नावाच्या एका सभासदाने लिहिलं, 'तुमचं दोघांचं भांडण बरं होतं.'

मास्तर तिथे काय बोलायचे! त्यांचं म्हणणं एकच होतं, पण ते शंभर तऱ्हांनी मांडायचे. राणीने पट्टी बांधली ती त्याग म्हणून नाही आणि रागाने तर मुळीच नाही. त्या माणसाने अंधारात एकट्याने बसू नये म्हणून ती आत जाऊन बसली. 'आजकालच्या सगळ्या लेखकांना राणीला बंडखोर करायचं आहे नाहीतर बिचारी,' ते लिहायचे. 'ती सोबत होती, एवढं सरळ कोणालाच लिहवत नाही.' आणि माझं म्हणणं असं की दोघंही अंधारात बसली तर शंभर पोरांकडे बघायचं कोणी? पोरं बिघडली, घर बुडालं, ते त्या सोबतीपायी. सोबत करायची तर डोळे उघडे ठेवून करावी.

हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नव्हते. मला ते आजही तसंच वाटतं.

पाचव्या वर्षी एकदा त्यांनी लिहिलं की त्यांच्या आईची नजर शेवटची सहा वर्षं पूर्ण गेली होती. संध्याकाळी ते घरी गेले की दिवा लावायचे नाहीत. आई खाटेवर, ते खुर्चीवर, दोघं अंधारात गप्पा मारायचे. आपण एकट्याने उजेडात बसणं त्यांना बरं वाटायचं नाही. हे वाचताना मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. मास्तर आईशी गप्पा मारायचे! मला भरून आलं. पण मी तेव्हा चिमणी नव्हते, हात धरणारी होते, आणि वादाच्या भरात होते. मी लिहून बसले, 'दिवा लावला असतात तर तिचा चेहरा तरी दिसला असता. काही दुखतं खुपतं ते कळलं असतं.'

नऊ दिवस पट्टीने काही लिहिलं नाही. कामावर त्यांनी त्या नऊ दिवसांत लावलेले दात सरळ रांगेत आले. दोन कवळ्या खालून परत आल्या. मी शेजारी बसून मरत होते, पण माफी कोणत्या तोंडाने मागणार? दहाव्या दिवशी उत्तर आलं. 'तेही खरं आहे. शेवटच्या महिन्यात तिला पोटात दुखत होतं, ते मला उशिरा कळलं. पण तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. हे मला दुसरं कोणीच म्हणालं नसतं.' त्या दिवशी मी ठरवलं की आता हे कधीच सांगायचं नाही.

गेल्या वर्षी एक नवी मालिका आली. तिच्यात पहिल्यांदाच त्या दासीला थोडी जागा दिली होती. शेवटच्या भागाआधी ती म्हातारी दासी काम सोडून आपल्या लेकीकडे राहायला जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी राणी सवयीने दालनाच्या दारात येते आणि हात पुढे करून उभी राहते. बराच वेळ. एवढाच प्रसंग. सगळ्या मंडळाने तो डोक्यावर घेतला. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, माझ्या पक्षाला अकरा वर्षांनी कोणीतरी न्याय दिला होता. पट्टीने फक्त एक ओळ लिहिली. 'तो प्रसंग पाहून मी मालिका बंद केली.'

पुढच्याच महिन्यात मास्तर निवृत्त होणार होते.

मग मला वेड्यासारखं वाटू लागलं की ह्या माणसाला जाताना काहीतरी द्यावं. कामावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना एक प्रवासी बॅग घेतली होती. जे कधी गावाबाहेर गेले नाहीत त्यांना बॅग! डॉक्टरीणबाईंची निवड. माझ्याकडे मात्र त्यांना देण्यासारखी एक गोष्ट होती आणि ती जगात दुसऱ्या कोणाकडेच नव्हती. शेवटच्या दिवशी सकाळी मी लिहिलं: 'तुमचं म्हणणं मी आज पुन्हा पहिल्यापासून वाचलं. राणी बरोबर होती. पटलं.'

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन टेकवला. वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते उठले आणि चक्क माझ्या टेबलापाशी आले. "चिमणे," ते म्हणाले, "आज एक गोष्ट..." मी वाट पाहत राहिले. त्यांनी हात हलवला. "जाऊ दे. तुला नाही कळायचं." आणि हसले. असे हसले की मला वाटलं, आपण जन्मात एक काम बरं केलं. संध्याकाळी भाषणं झाली, बॅग दिली गेली, ते चार शब्द बोलले आणि जिना उतरून गेले.

दोन दिवस मी आनंदात होते. रविवारी त्यांच्याकडे जायचं, सांगायचं की ती मीच, आणि मग काय, बोलतच बसायचं, असं मी मनात रंगवत होते. तिसऱ्या दिवशी सहज मंडळात डोकावले. आमच्या वादाला कुलूप लागलं होतं, ते लागणारच होतं. खाली सूत्रधाराला एक विनंती होती. पट्टीची. 'कुलूप काढता येईल का? मला त्यांना अजून थोडं सांगायचं होतं.'

सूत्रधाराचं उत्तर: 'नियम तो नियम. तुम्ही जिंकलात, अभिनंदन. हवं तर नवा पक्ष घ्या.'

मास्तरांनी पुन्हा लिहिलं होतं. 'मला जिंकायचं नव्हतं.' त्यावर कोणीच काही म्हटलं नव्हतं.

अकरा वर्षं त्या तिसऱ्या नियमाकडे मी रोज पाहत होते आणि भेट म्हणून नेमकं तेच दार लावून घेतलं होतं. त्यांना पटवायचं नव्हतंच. कोणीतरी समोरून नाही म्हणत राहायला हवं होतं, एवढंच. हे मला, अकरा वर्षं नाही म्हणणारीला, कळू नये?

त्यांचा दात लावतानाचा भिंगाचा चष्मा कामाच्या टेबलावर राहिला होता. तो निमित्ताला घेऊन मी रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. टेबलाला एकच खुर्ची. खिडकीशी आईची खाट तशीच, चादर ताणून घातलेली. मला बसायला जागा नाही म्हणून त्यांनी खुर्ची मला दिली आणि आपण उभे राहिले. नवी बॅग दाराशीच पडली होती, कागदाच्या वेष्टणासकट.

"हा चष्मा राहिला होता," मी म्हणाले.

"हं."

"मास्तर, एक सांगायचं होतं. रागवा हवं तर, मारा हवं तर." मी चष्मा टेबलावर ठेवला. "ती हात धरणारी मी आहे."

कोण हात धरणारी, असं त्यांनी विचारलं नाही. ते खाटेच्या कडेवर बसले. माझ्यासमोर त्या खाटेवर कोणी बसेल असं त्या चादरीकडे पाहून वाटलं नव्हतं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"सगळं तूच?"

"सगळं."

"आईचं? दिव्याचं?"

"तेही मीच." मला रडू फुटलं. "मास्तर, ते मी लिहायला नको होतं. मी तेव्हा लगेच..."

"ते राहू दे." त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. मग म्हणाले, "तुम्हाला खरंच पटलं होतं का?"

अकरा वर्षांत तोंडावर त्यांनी मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं. मी खोटं बोलू शकले असते. पण त्यांच्याशी त्या विषयावर मी एकदाच खोटं बोलले होते आणि ते पुरेसं होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "दोन दिवस मी घरात नुसता हसत होतो. खुळ्यासारखा. कोणाला तरी माझं म्हणणं पटलं म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो, चहा केला, फोन घेतला, आणि ध्यानात आलं, आता सांगायचं कोणाला?"

"मला सांगा ना! मी समोर बसलेय. आता लपवायचंही काही नाही. बोला, राणी का बरोबर होती?"

त्यांनी प्रयत्न केला. मी शपथेवर सांगते, त्यांनी मनापासून प्रयत्न केला. "राणी..." ते म्हणाले. ओठ हलले. मी पुढे सरकून बसले. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं लोखंडी शटर उघडत होतं, त्याचा आवाज आला आणि गेला. ते माझ्याकडे पाहत होते, आणि मला दिसत होतं की त्यांना माझ्या जागी घासणीच्या चाकापाशी बसलेली चिमणीच दिसते आहे.

"नाही जमत," ते म्हणाले.

"सवय होईल."

"मला वाटायचं, त्या कोणी शिक्षिका असतील," ते खाली पाहत म्हणाले. "निवृत्त. घरात सुना, नातवंडं, पाहुण्यांची ये-जा. एवढ्या गोतावळ्यातून उठून ती बाई रोज माझ्यासाठी वेळ काढते, माझ्याशी भांडते. एवढी माणसं सोडून." त्यांनी मान वर केली. "म्हणजे तिथेही कोणी नव्हतं."

हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं. "कोणी नव्हतं म्हणजे? मी होते ना! अकरा वर्षं मी होते. माझ्या घरी माझं कोणी ऐकत नाही, मी तिथे तुमच्यासाठी जात होते. मी कोणीच नाही का?"

"तू तर शेजारीच होतीस, चिमणे," ते अगदी हळू म्हणाले. "तुझ्याशी बोलता आलं असतं तर मी तिथे गेलोच कशाला असतो?"

मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा ते मागून म्हणाले, "एक शब्द द्या. तिथे आता लिहू नका. दुसरं नाव घेऊनही नाही. मला ओळखू येईल, आणि ओळखू नाही आलं तर ते जास्त वाईट."

मी शब्द दिला. जिना उतरताना मला इतकं एकटं वाटलं की खाली आल्यावर मी थोडा वेळ तिथेच पायरीवर बसून राहिले. त्यांचं काय गेलं ते मला ठाऊक होतं. माझंही तेवढंच गेलं होतं. ते मात्र त्यांना सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर मी दोन रविवार गेले. चहा व्हायचा, 'हं' व्हायचं, आणि वीस मिनिटांनी आम्हा दोघांनाही कधी एकदा उठतो असं व्हायचं. तिसऱ्या रविवारी मी गेले नाही आणि त्यांनीही का आली नाहीस म्हणून विचारलं नाही. कामावर त्यांच्या टेबलावर आता दातांचे खोके ठेवतात. मी अजूनही दिवसभर बोलते.

गेल्या महिन्यात मंडळात त्यांचा नवा मजकूर आला. सूत्रधाराने सांगितल्याप्रमाणे त्यांनी नवा पक्ष घेतला होता. नाव होतं 'दासी'. वर लिहिलं होतं, 'राणीची बाजू घेणारं कोणी आहे का? मी विरुद्ध बाजूने बोलेन.' आणि खाली साठ ओळी. पट्ट्या कोणी शिवल्या, शंभर पोरांकडे कोणी पाहिलं, सोबत करायची तर डोळे उघडे ठेवून का करावी. माझे अकरा वर्षांचे सगळे मुद्दे, मला कधी जमले नसते इतके सुरेख मांडलेले, एकही सुटला नव्हता. शेवटी त्यांनी दिव्याचंही लिहिलं होतं.

त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. मंडळात आता पूर्वीसारखी माणसं राहिलेली नाहीत, जी आहेत ती नव्या सिनेमाच्या मागे आहेत. राणीच्या बाजूने काय बोलायचं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे, पण मी शब्द देऊन बसले आहे. वाचू नको असं मात्र ते म्हणाले नव्हते. म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत मी तो मजकूर उघडते आणि पहिल्यापासून वाचते. मजकुराखाली तो किती वेळा वाचला गेला त्याचा आकडा येतो. काल तो चाळीस होता, आज एकेचाळीस. मास्तर तो आकडा रोज पाहत असतील. एकेचाळीस जणांनी वाचलं, त्यातलं एखादं तरी उद्या लिहील, असं त्यांना वाटत असेल. ते एकेचाळीसही मीच आहे.